अंगठा उठवण्याआधी

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नावही आता कुणाच्या लक्षात राहिलेले नाही. पण तिथल्या एका बाईची आठवण लोकांनी जपली, म्हणून ती आज तुम्हाला सांगता येते आहे.

त्या राज्यात गडाच्या पायथ्याशी राजाची धान्याची कोठी होती. गडावरच्या शिबंदीला, म्हणजे तिथल्या सैनिकांना, लागणारे पीठ तिथेच दळले जाई. कोठीच्या ओसरीवर ओळीने तीस बायका आपापल्या जात्याशी बसत. पहाटेपासून दुपारपर्यंत दळत आणि मोबदल्यात घरी पीठ नेत. त्या पिठावर तीस घरे जेवत.

त्यांच्यातली सर्वांत जुनी भिवराबाई. बावीस वर्षे दळून तिचा उजवा खांदा कायमचा दुखरा झाला होता. नवरा वारलेला, घरी सून आणि दोन नातवंडे. ती बोले कमी, पण बोलू लागली की बाकीच्या जाते थांबवून ऐकत.

एका वर्षी परमुलखातून एक कारागीर आला आणि त्याने ओढ्यावर पाणचक्की उभारली. तीस बायका दिवसभरात जेवढे दळत, तेवढे ती न्याहारीच्या वेळेपर्यंत दळून टाकी. राजा खूश झाला.

कोठीच्या कारभाऱ्यांनी बायकांना अंगणात बोलावले.

"सोमवारपासून कुणी यायचं नाही," ते म्हणाले. "महाराजांच्या कृपेनं प्रत्येकीला एक लुगडं आणि एक नारळ मिळेल. हा कागद. अंगठा उठवा आणि लुगडं घेऊन घरी जा."

कुणी डोळ्यांना पदर लावला. दोघी-तिघी अंगठा पुढे करून उठल्यासुद्धा. तेवढ्यात भिवराबाईने विचारले, "कागदावर काय लिहिलंय, कारभारी?"

"तुमचं कोठीकडे काही मागणं उरलेलं नाही, एवढंच."

"मग आज अंगठा कसा उठवू? मागणं आहे का नाही, ते आम्हालाच अजून ठाऊक नाही. आठ दिवस द्या."

"आज जी अंगठा देणार नाही, तिला लुगडंही मिळणार नाही!"

"असा महाराजांचा हुकूम असेल तर वाचून दाखवा," भिवराबाई शांतपणे म्हणाली.

असा हुकूम नव्हताच. कारभाऱ्यांनी कागद गुंडाळला आणि कपाळाला आठ्या घालून आठ दिवस दिले.

बायका बाहेर चिंचेखाली जमल्या. तुळजा नावाची तरणी बाई संतापून म्हणाली, "चक्कीच्या पाटात दगड टाकू या. बंद पडली की झक मारत परत बोलावतील."

"चक्कीनं आपलं काय वाकडं केलंय गं?" भिवराबाई म्हणाली. "हा माझा खांदा बघ. तुझ्या लेकीच्या नशिबी हाच यावा, असं वाटतं तुला? दगड टाकलास तर आपण गुन्हेगार ठरू, मग मागायला तोंड राहणार नाही. काम गेलं ते गेलं. रिकाम्या हातानं जायचं का, एवढं बघू."

दुसऱ्या दिवशी ती गावाबाहेर राहणाऱ्या म्हाताऱ्या चिटणिसांकडे गेली. थोरल्या महाराजांच्या काळात सगळे हुकूम त्यांच्याच हातून लिहिले गेले होते.

"सेवेतून माणूस कमी केला," चिटणीस आठवून म्हणाले, "तर सेवेच्या प्रत्येक वर्षामागे एक महिन्याचा शिधा द्यावा, असा हुकूम आहे खरा. पण तो शिबंदीसाठी काढलेला."

"त्यात दळणाऱ्या बायका नाहीत?"

"नाव नाही. पण शब्द असे आहेत, 'जो कोणी गडाची सेवा करील.'"

भिवराबाईने ते शब्द त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतले आणि पाठ केले. मग ती घरोघर फिरली. कुणाची किती वर्षे झाली, कुणाच्या घरी दुसरे कमावते माणूस आहे, कुणाच्या नाही, सगळे विचारून घेतले.

पाचव्या दिवशी कारभाऱ्यांनी तिला एकटीला बोलावले. बसायला पाट दिला.

"चक्कीवर देखरेखीला एक बाई हवी आहे," ते गोड आवाजात म्हणाले. "बसून करायचं काम. जागा तुमचीच समजा. बाकीच्यांचे अंगठे तेवढे मिळवून द्या."

भिवराबाई पाटावरून उठली आणि घरी निघाली. वाटेत तिचा खांदा ठणकत होता आणि नातवंडांचे चेहरे डोळ्यांपुढून हलत नव्हते. घरी येऊन ती उंबऱ्यावरच बसून राहिली. सुनेने विचारले तेव्हा तिने सगळे सांगितले.

"आत्याबाई, तुम्ही हो म्हणाला असतात तरी मी काही बोलले नसते," सून म्हणाली.

"तू बोलली नसतीस गं. पण पाणवठ्यावर त्या एकोणतीस जणींच्या तोंडाकडे मी कशी बघितली असती?"

सकाळी तिने कारभाऱ्यांकडे नकार कळवला आणि सगळ्या बायकांना ती गोष्ट उघड सांगून टाकली. कुणाच्या मनात संशय राहायला नको, म्हणून.

बायका अंगठा देत नाहीत हे कानावर गेले, तेव्हा आठव्या दिवशी राजा स्वतः कोठीवर आला. कारभारी पुढे होऊन म्हणाले, "महाराज, या बायका चक्कीच्या विरोधात आहेत."

"नाही महाराज," भिवराबाई हात जोडून म्हणाली. "चक्की चांगली आहे. ती राहू द्या. आम्ही एवढंच मागतो, की थोरल्या महाराजांनी सेवेतून कमी होणाऱ्याला जे दिलं, ते आम्हालाही मिळावं." आणि तिने हुकुमाचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले.

राजाने भुवया उंचावल्या. "तो हुकूम लढणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही तर दळत होतात."

"गडाला वेढा पडला होता तेव्हा आम्ही जाती गडावर नेऊन दळत होतो. शिबंदी तेरा महिने लढली, महाराज. ती उपाशीपोटी लढली का?"

राजाने मान वर करून गडाकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "नाही. उपाशी नाही लढली."

कारभारी घाईने म्हणाले, "पण महाराज, एवढं धान्य एकदम काढलं तर पावसाळ्यात गडावर टंचाई होईल."

"कारभारी खरं तेच बोलतात," भिवराबाई म्हणाली. "एकदम नको. तीन सुगींत द्या. पण तसं कागदावर लिहा. आणि मधेच एखादी गेली तर तिचा वाटा तिच्या घरी पोचेल, हेही लिहा. शिवाय चक्कीला धान्य निवडून, पाखडून लागेल. बाहेरच्या बायका आणण्याआधी आमच्यातल्या तरण्यांना विचारा."

राजाने सगळे मान्य केले. दर दिवाळीला कोठीकडून मिळणारे लुगडे पुढेही जन्मभर मिळावे, असेही तिने मागून पाहिले.

"ते जमणार नाही, बाई," राजा म्हणाला.

तुळजा उसळून काही बोलणार होती. भिवराबाईने तिचा हात दाबला आणि म्हणाली, "बरं महाराज. ते सोडलं."

नवा कागद लिहिला गेला. तिने तो दोनदा वाचून दाखवायला लावला. 'तीन सुगी' लिहिले होते, पण कोणत्या सुगीपासून ते नव्हते. तेही तिने घालून घेतले. मग एकेकीने अंगठा उठवला. भिवराबाईचा अंगठा सर्वांत शेवटी.

जाताना कुणी रडत नव्हते. बायका मान ताठ ठेवून अंगणातून बाहेर पडल्या, तेव्हा राजा उठून उभा राहिला होता.

बारा जणींना पाखडण्याचे काम मिळाले. येत्या सुगीपासून धान्याच्या गाड्या तीस दारांशी थांबू लागल्या. दुसऱ्या वर्षी एक बाई तापाने गेली, तिचा वाटा तिच्या आंधळ्या आईच्या घरी पोचता झाला. पुढे राजाने त्या हुकुमात आणखी एक ओळ घातली. त्या राज्यात कुणाचेही काम सुटले, की त्याला कागद वाचून दाखवावा आणि विचार करायला आठ दिवस द्यावेत.

मुलांनो आणि थोरांनो, एवढे ध्यानात असू द्या: काम हातचे जात असतानाही घाबरून काही कबूल करू नये, आपले हक्काचे काय ते आधी जाणून घ्यावे, आणि ते सर्वांसाठी मागावे.