पंचांच्या घराला दार नसतं

एका राज्यात राजा होता एक आणि पंच होते तीन. राजा वंशाने येई, पंच प्रजा निवडी. पंच निवडून आला, की त्याच्या घराचं दार काढून चावडीला टेकवून ठेवायचं, अशी तिथली रीत. येणाऱ्याजाणाऱ्यानं आत डोकवावं, काय आलं, काय गेलं ते पाहावं. रीतीला शापही जोडलेला होता: पंचानं काही लपवलं, तर राज्यात काहीच उभं राहणार नाही.

आणि झालंही तसंच. नदीवरचा पूल तिसऱ्यांदा कोसळला. राजा सिंहासनावर बसला तो उठेना. पूल बांधणारा सुभानजी गवंडी शापानं पात्रातच दगड झाला. तीन दिवसांत पाणी त्याच्या डोक्यावरून जायचं होतं, मग तो कायमचा दगड.

सोनसळा ही त्याची लेक आणि तीन पंचांतली एक. काठावर बसून ती पोटभर रडली. तेव्हा त्या दगडावर येऊन बसलेली एक साळुंकी म्हणाली, “रडून दगड विरघळत नाही, बाई. तीन कामं कर. सात रानांपलीकडे एक मांत्रिक राहतो, त्याच्या चुलीतली राख आण. थोरल्या पंचाच्या घरावर उधळ. तिसरं मग सांगेन.”

सात काटेरी रानं ओलांडून सोनसळा मांत्रिकाकडे पोचली.

“राख हवी.”

“मोल काय देशील?”

“माझ्या घराला दार नाही. दिसेल ते ने.”

मांत्रिकानं तिथूनच डोळे ताणून पाहिलं. दोन पातेली, एक घोंगडी, बापाची थापी. कंटाळून त्यानं राख दिली.

थोरला पंच रुद्रसेन. त्याच्या घरावर राख पडली आणि भिंतीत एक चोरदार दिसू लागलं, चांगलं सागवानी, मांत्रिकानं करून दिलेलं. आत चाळीस वल्ही. म्हणजे नदीवरच्या चाळीसही नावा याच्याच, आणि पूल पडला की “आता पुन्हा नको” म्हणणाराही हाच. पितळ उघडं पडलं, पण गवंडी काही हलला नाही.

तिसऱ्या दिवशी राजाला सिंहासनासकट उचलून नदीकाठी आणलं. राजा म्हणाला, “रुद्रसेना, सभेबाहेर हो. उरलेल्या पंचांनी बोलावं, पूल बांधायचा का?”

उरल्या दोघी. सोनसळेनं हात वर केला. दुसरी गोदाक्का, वय ऐंशी, आजवर एकही सभा जागेपणी न पाहिलेली. ती आताही घोरत होती. पाणी सुभानजीच्या हनुवटीला लागलं.

साळुंकी म्हणाली, “तिसरं काम. पुलाला दगड कुठला?”

“आमच्या खाणीतला.”

“सभेला सांगितलंस?”

“खाण डोंगरापलीकडे, घरातून दिसत नाही. आणि आमचा दगड चांगला आहे.”

“दगडाचं कुणी विचारलं नाही.”

सोनसळेचा हात अजून वरच होता. हात खाली घ्यावा, तर बापाचा जीव त्या झोपाळू म्हातारीच्या हाती. तिनं एकदा पाण्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

“महाराज, पुलाचा दगड आमच्या खाणीतला; पूल झाला तर पैसा माझ्या घरी येतो. हे मी आजवर सांगितलं नाही. माझं मत धरू नका.”

सभा चिडीचूप झाली. त्या शांततेनंच गोदाक्काला जाग आली. शेजारच्याकडून तिनं झालं ते सगळं ऐकून घेतलं.

“माझी ना नाव, ना खाण,” ती म्हणाली. “बांधा पूल. दगड दुसरीकडचा आणा.”

नदी खळाळली. सुभानजी मिशा पुसत पाण्यातून वर आला. राजा सिंहासनावरून ताडकन उठला, आणि प्रजेनं असा जयघोष केला की साळुंकीही दचकली.

सोनसळेनं बापाला मिठी मारली. त्यानं विचारलं, “खाणीचं सांगितलंस?”

“आत्ताच सांगितलं, आबा.”

“मी तीन पूल बांधले नि गप्प राहिलो. तुझी छाती मोठी, पोरी.”

नावा नावाड्यांना मिळाल्या. पूल परक्या दगडाचा झाला, सुभानजीनं तो निव्वळ मजुरीवर बांधला, आणि तो अजून उभा आहे. पंचांच्या घरांना अजूनही दार नसतं. हिवाळ्यात फार वारा लागतो म्हणतात. लागू दे.