कॅबिनेटशिवाय आठ दिवस

एकदा एका तालुक्याच्या गावी दिगंबर होनराव नावाचे एक निवृत्त निदेशक राहत असत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तीस वर्षे त्यांनी मुलामुलींना विजेची यंत्रे जोडायला शिकवले होते. निवृत्तीनंतर कोणी काही विचारायला आले, तर उत्तर देण्याऐवजी ते बहुधा एखादे काम सांगत. त्यामुळे त्यांच्याकडे जाणारे थोडे होते आणि पुन्हा पुन्हा जाणारे त्याहून थोडे.

त्या थोड्यांत त्यांची जुनी विद्यार्थिनी हेमलता होती. लग्नसमारंभांचे व्हिडिओ जुळवण्याचे काम तिने एका स्टुडिओत नऊ वर्षे केले होते. आता तेच काम स्वतःच्या घरी सुरू करायचे तिने ठरवले. पहिले काम मिळालेही होते, पण ते तीन आठवड्यांत द्यायचे होते. कमी खर्चात चांगला संगणक व्हावा म्हणून ती तो स्वतःच जोडणार होती. सगळे भाग आणून झाले. राहिले ते फक्त ज्यात हे भाग बसवायचे ते कॅबिनेट, आणि त्यासाठी हाती थोडेच पैसे उरले होते.

याच शेवटच्या वस्तूपाशी ती अडली. दुकानात तिच्या ऐपतीतली तीन कॅबिनेट होती. एकाला पुढे काच आणि आत रंगीत दिवे. दुसरे मोठे, जाड पत्र्याचे, समोरून बंद. तिसरे साधे, काळ्या जाळीचे. ती तीनदा दुकानात जाऊन रिकाम्या हाताने परतली. पाच जणांना विचारले, तर पाचही जण वेगवेगळे सांगत आणि सगळेच ठामपणे सांगत. शेवटी गुणदोषांची एक यादी करून ती सरांकडे गेली.

सरांनी यादी अथपासून इतिपर्यंत वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"कॅबिनेट अजून आठ दिवस घेऊ नकोस," ते म्हणाले. "संगणक उघडाच चालव. जे जे होईल ते वहीत लिही."

तिला ती थट्टा वाटली. पण सर गंभीरपणे एकेक सूचना देऊ लागले. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. वीज चालू असताना कशाला हात लावायचा नाही. सुरू करायचे बटण कॅबिनेटवर असते, ते आता नसेल, तेव्हा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने मदरबोर्डवरच्या त्या बटणाच्या दोन पिना क्षणभर जोडायच्या. केलेल्या कामाची एक प्रत रोज रात्री दुसरीकडे ठेवायची.

हेमलता काहीशी नाराज होऊनच घरी आली. तरीही सरांनी सांगितलेले काम आजवर कधी वाया गेले नव्हते, म्हणून तिने सगळे भाग टेबलावर मांडले.

पहिल्या दिवशी वहीत एवढेच आले की संगणक सुरू झाला. दुसऱ्या दिवशी काळ्या मदरबोर्डवर पांढरी, मऊ धूळ दिसली. तिने वीज बंद करून ब्रशने ती झटकली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा तेवढीच होती. तेव्हा तिच्या ध्यानात आले की हे पीठ आहे. तिच्या भाड्याच्या खोलीखाली पिठाची गिरणी होती. दोन वर्षे ती सकाळ-संध्याकाळ फरशी पुसत आली होती, त्यामुळे किती पीठ वर येते हे तिला कधी दिसलेच नव्हते.

चौथ्या दिवशी सासूबाईंना पापड लाटायला टेबल हवे झाले. संगणक हलवायला जागा शोधता शोधता कळले की कायमची म्हणावी अशी एकच जागा आहे, कपाटाखालचा कोनाडा. तिने टेप लावला. उंची जेमतेम सव्वा फूट, आणि तिथे कोणाची नजरही जाणार नव्हती.

पाचव्या दिवशी भर कामात संगणक बंद पडला. एक सैल वायर प्रोसेसरच्या पंख्यात अडकली होती. यंत्र तापून आपोआप थांबले होते. निवल्यावर ते पुन्हा सुरू झाले, पण दोन तासांचे काम गेले. हेमलता तडक सरांकडे गेली आणि त्यांना स्पष्टच म्हणाली, "सर, तुमचा हा प्रयोग माझ्या पोटावर येईल."

सरांनी शांतपणे ऐकून घेतले. "वायरी बांधायला सांगायचं राहिलं. ती चूक माझी," ते म्हणाले. "तीन दिवस उरलेत. पुढे चालू ठेवायचं की नाही, ते तू ठरव."

तिने घरी येऊन वायरी बांधल्या. राग होताच, पण उद्या वहीत काय लिहावे लागेल, ही उत्सुकता रागापेक्षा किंचित जास्त होती.

आठ दिवस संपल्यावर ती दुकानात गेली. या वेळी तिने टेप काढला आणि दुकानदाराला उंची विचारली. पुढून हवा आत जाते का, आणि धूळ अडवणारी बारीक जाळी काढून धुता येते का, हेही विचारले. तिन्हींपैकी एकही या प्रश्नांना पुरे पडले नाही. दुकानदाराने जरा आठवून आतून एक चौथे, बुटके कॅबिनेट आणले. त्यात दिवे नव्हते, म्हणून ते मागे पडले होते. पुढच्या जाळीमागे दुसरी बारीक जाळी होती आणि ती सहज बाहेर निघत होती.

ते घेऊन ती सरांकडे गेली, वही त्यांच्यापुढे ठेवली आणि तिने विचारले, "सर, तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं. मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"मला काहीच ठाऊक नव्हतं. तुझ्या खोलीखाली गिरणी आहे हे मला आत्ता या वहीतून कळलं. त्या दिवशी मला उत्तर सुचलं होतं. मोठं, बंद कॅबिनेट घे, असं मी सांगितलं असतं, कारण माझ्या घरी तेच आहे आणि ते उत्तम चाललंय. त्या पाच जणांनीही तुला आपापल्या घरचं उत्तर दिलं. यंत्राला कशापासून जपायचं, हे कळल्याशिवाय त्याच्याभोवतीची भिंत कशी निवडायची? ते तुझ्या घरालाच विचारायला हवं होतं. विचारायची दुसरी रीत मला माहीत नव्हती."

हेमलताने वही उचलली आणि नमस्कार करून निघाली. लग्नाचे काम तिने मुदतीच्या एक दिवस आधी पोचते केले.

काही महिन्यांनी गल्लीतल्या एक बाई मुलीसाठी संगणक जोडून घ्यायचा म्हणून तिच्याकडे आल्या आणि कोणते कॅबिनेट चांगले, असे त्यांनी विचारले. हेमलताच्या ओठांवर आपल्याच कॅबिनेटचे नाव आले होते. ते तिने तिथेच थांबवले.

"आधी मला सांगा," ती म्हणाली, "ते ठेवणार कुठं आहात?"

बाई विचारात पडल्या. हेमलताने त्यांना मुळीच घाई केली नाही.