उतारावरचे ओझे

पूर्वी एका डोंगराळ मुलखात भद्रवाहन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व बैलाच्या जन्माला आले होते. राजाचा या कथेशी संबंध एवढाच, की त्याच्या प्रजेला मीठ लागे, आणि ते आणायला रोहक नावाचा गाडीवान धान्याच्या गोण्या भरून घाट उतरून बंदरावर जाई. बोधिसत्त्व कैक वर्षे त्याच्या गाडीला जुंपलेले होते. आता ते थकले होते. सकाळी उठून उभे राहायचे, तरी आधी मनाची तयारी करावी लागे.

त्यांचा जोडीदार पिंगल तरणा होता, मनाने चांगला होता, आणि प्रत्येक उतारावर पळत सुटे. उतारावर बैलाने मागे रेलून गाडी थोपवायची असते. पिंगल पळाला की सगळा भार बोधिसत्त्वांच्या मानेवर येई आणि खांदा सोलून निघे.

"चुकलो, काका," खाली पोचल्यावर पिंगल म्हणे. "पण चुकल्याशिवाय का कुणी शिकतं?"

"हं," म्हणून बोधिसत्त्व डोळे मिटून घेत.

एकदा गाडी कड्याच्या टोकाशी जाऊन थांबली. रोहकाच्या तोंडचे पाणी पळाले. पिंगलाच्या वेसणीला हिसका देत तो म्हणाला, "मोठ्या घाटात असा पळालास ना, तर बंदरावर खाटकाला देऊन टाकीन."

बोधिसत्त्वांनी ते ऐकले. खरे सांगायचे तर क्षणभर त्यांना बरेच वाटले. हा गेला की आपली मान सुटेल! मग त्या विचाराची त्यांना लाज वाटली. पिंगल रोज चुकत होता, पण चुकीचे वजन त्याला कधी लागलेच नव्हते. ते आपण उचलत आलो. मग तो शिकणार कशाने?

मोठ्या घाटाच्या अलीकडे ओढ्याचा लहानसा उतार होता, तळाशी मऊ वाळू होती. रोहक गाडीतून उतरून बाजूने चालत होता. पिंगल नेहमीसारखा पळाला. या वेळी बोधिसत्त्वांनी पाय रोवले नाहीत. गाडी दोघांना ढकलत वाळूत शिरली. पिंगल गुडघ्यांवर आपटला, जू त्याच्या मानेत रुतले.

"काका," तो धापा टाकत म्हणाला, "गाडीला एवढं वजन असतं?"

"असतं, बाळा."

"मला वाटायचं, ती आपली आपणच उतरते."

रोहकाला दिसले ते एवढेच, की म्हाताऱ्याने कच खाल्ली. त्याने बोधिसत्त्वांना चाबकाने फोडून काढले. त्यांनी मान खाली घातली आणि मार खाल्ला.

मोठ्या घाटात पिंगल थरथरत होता, पण मागे रेलला. एका वळणावर त्याचा पाय घसरला, तो त्याचा त्यानेच सावरला. गाडी सुखरूप खाली आली.

"तरणा बघा कसा आपोआप तयार झाला!" रोहक बंदरावर सांगू लागला. "म्हाताराच कामातून गेलाय." त्याने बोधिसत्त्वांचे दावे खाटकाच्या हाती दिले आणि त्यांच्या जागी नवा बैल जुंपला.

पिंगलाने पाय रोवले, घाटात रोवले होते तसेच. चाबूक बसले, शेपटी पिरगाळून झाली, तरी गाडी तसूभर हलेना. शेवटी रोहकच दमला आणि चाबूक टाकून मटकन खाली बसला.

"आणा रे बाबा तो म्हातारा परत," तो म्हणाला.

जीव वाचला, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा मानेवर जू आले. बोधिसत्त्वांनी उसासा टाकला. जू मात्र पूर्वीपेक्षा हलके लागले.

विहारात शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगून संपवली. समोर विहाराचे पाणी भरायला रोज विसरणारा तरुण भिक्खू वच्छक बसला होता. त्याच्या वाटचे पाणी भरून भरून कंटाळलेले, आणि आता त्याला घालवून द्या म्हणून आलेले आचार्य पूर्णभद्रही होते.

"तेव्हाचा पिंगल म्हणजे हा वच्छक," शास्ता म्हणाले. "रोहक गाडीवान म्हणजे पूर्णभद्र. तो म्हातारा बैल मीच होतो. दुसऱ्याला त्याच्या चुकीचं वजन लागू द्यायचं, आणि तोवर त्याच्याच जुवाखाली उभं राहायचं. याला क्षांती म्हणतात."

पूर्णभद्र वच्छकाकडे वळले. मग दमलेल्या आवाजात म्हणाले, "वच्छका, उद्या पाणी तूच भर. मी येतो बरोबर."