धन्याच्या तोंडाकडे पाहणारा तांबडा

एकदा एका सरदाराच्या मुलखात रानडुक्कर माजले. त्याने उभी ज्वारी तुडवली आणि राखणीला बसलेल्या दोघांना फाडले. सरदाराने आपल्या वृद्ध श्वानपालाला शिकारी कुत्र्यांची नवी टोळी बांधायला सांगितले. या वृद्धाचा एक शिष्य बारा वर्षे त्याच्या हाताखाली होता. गुरूची जागा कधीतरी आपल्याला मिळावी म्हणून तो सरदारापुढे नंदीबैलासारखी मान डोलवी.

कुत्र्यांची पारख करायला वृद्धाने डुकराचे कातडे झुडपांतून फरफटत नेऊन माग पाडला, कुत्री सोडली आणि स्वतः मात्र पाठ फिरवून, नुसते कान देऊन बसला. शिष्य चक्रावला. सर्वांत आधी सरदाराचा लाडका कुत्रा तांबडा जोरात भुंकला. एकाही कुत्र्याने मान वर केली नाही. मग फाटक्या कानाची एक मरतुकडी कुत्री एकदाच भुंकली आणि सगळी तिच्याकडे धावली.

"आत्ता भुंकली तिला पुढे ठेवा. तांबड्याला बांधा," वृद्ध म्हणाला.

"न बघताच निवड करता?" सरदार भडकला. "तांबडा माझ्या हातचं खातो. तो जाणारच."

"म्हणूनच नको, सरकार. तो भुंकला की आपण मटण टाकता. आता तो नाक जमिनीला लावत नाही, आपल्या तोंडाकडे पाहून भुंकतो. कुत्र्यांनी त्याला केव्हाच ओळखलंय. भालेवाले मात्र फसतील. ते भलत्याच झुडपाकडे धावतील आणि डुक्कर मागून येईल."

"मग तुम्ही घरी बसा." सरदार शिष्याकडे वळला. "आजपासून मुख्य श्वानपाल तू. तांबड्याला नेशील ना?"

शिष्याची मान सवयीने हलू लागली. तेवढ्यात त्याची नजर सरदाराच्या पायाशी बसलेल्या तांबड्यावर गेली. तोही धन्याच्या तोंडाकडेच पाहत होता. शिष्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"नाही, सरकार," तो म्हणाला. "ती जागा मला नको. तांबडा टोळीत असेल तर मी एकाही माणसाला रानात पाऊल टाकू देणार नाही. मग मला हाकलून द्या, नाहीतर कोंडून ठेवा."

मग शिकारीसाठी जमलेल्यांतला एक भालेवाला येऊन शिष्यामागे उभा राहिला, त्याच्यामागे दुसरा, आणि बघता बघता सगळेच. सरदाराने त्या सगळ्यांकडे पाहिले. अखेर त्याने स्वतःच्या हाताने तांबड्याची साखळी खुंटीला अडकवली.

वृद्ध अजूनही पाठमोराच बसला होता. शिष्यामागे जमलेली पावले त्याने ऐकली होती. तो हळूच शिष्याला म्हणाला, "बारा वर्षांत आज पहिल्यांदा भुंकलास, लेका. आणि बघ, सगळे आले."