धावड्याच्या आठ खाचा

फार पूर्वी एका डोंगराळ राज्यात एक विचारी राजा राज्य करत होता. त्याला एका प्रश्नानं घेरलं होतं. एके दिवशी त्यानं राज्यातल्या सर्वांत मोठ्या अभ्यासकाला, वामदेव पंडिताला, बोलावून घेतलं.

"पंडितजी, राज्याची भरभराट व्हावी असं कुणाला वाटत नाही? पण आजचं ताट भरताना नातवंडांच्या ताटातलं उचलायचं नाही, हे कसं जमवायचं? नीट अभ्यास करा आणि वर्षभरात ग्रंथ लिहून आणा. ग्रंथ कसोटीला उतरला, तर विद्यालयाची मुख्य गादी तुमची."

त्या गादीवर वामदेवांचा वीस वर्षं डोळा होता. दुसऱ्याच दिवशी ते निघाले.

राज्याचं खरं धन होतं धावड्याच्या झाडांचा डिंक. औषधाला, शाईला, बाळंतिणीच्या लाडवांना, सगळीकडे तोच जाई. म्हणून पंडित थेट जंगलात, डिंक गोळा करणाऱ्यांच्या वस्तीवर जाऊन राहिले. वस्तीत सुकरी नावाची एक म्हातारी होती. झाडांचं सगळं तिच्या शब्दावर चाले.

"एका झाडाला किती खाचा पाडता, बाई?" पंडितांनी विचारलं.

"दोन. मग दोन वर्षं त्याला हात लावायचा नाही. झाड बाळंतिणीसारखं असतं, बाबा. दिलं की दमतं."

पंडित मनात हसले. त्यांनी साठ झाडं निवडली आणि त्यांवर गेरूनं खुणा केल्या. वीस झाडांना दोन खाचा, वीस झाडांना चार, वीस झाडांना आठ. उन्हाळा सरला तेव्हा आठ खाचांच्या झाडांनी तिप्पट डिंक दिला होता. पंडितांना आभाळ ठेंगणं झालं.

सुकरीनं ते पाहिलं आणि त्यांना ओढ्यापलीकडच्या उतारावर नेलं. तिथं नुसते वाळके खुंट उभे होते, भुंग्यांनी पोखरलेले.

"हे आमचंच पाप," ती म्हणाली. "लेकीच्या लग्नाच्या साली माझ्या घरधन्यानं इथं आठ-आठ खाचा पाडल्या. पहिल्या साली डिंक मावेना. तिसऱ्या साली पानं गळाली, आणि चौथ्या साली हे असं. लिहून घे."

पंडितांनी खुंट मोजले. एक्याऐंशी भरले. त्यांनी सगळं एका पानावर लिहून घेतलं.

घरी येऊन ग्रंथ लिहायला बसले, तेव्हा ते पान काही केल्या बसेना. ते ठेवलं तर आठ खाचांचा सगळा निष्कर्षच डळमळत होता. खात्री करायची तर आणखी तीन-चार वर्षं जंगलात काढावी लागणार होती, आणि ग्रंथ वाचायची राजसभा तर महिन्यावर आली होती. 'अडाणी बाईचं सांगणं,' त्यांनी स्वतःची समजूत घातली. 'झाडांना दुसरा काही रोगही झाला असेल. पुढं कधीतरी बघू.' आणि ते पान त्यांनी बाजूला काढलं.

सभेत ग्रंथाचं वाचन झालं. राजानं एकच प्रश्न विचारला, "पंडितजी, झाडं किती वर्षं पाहिलीत?"

पाहिला होता एक उन्हाळा. पण वामदेव म्हणाले, "पुरेशी पाहिली, महाराज."

गादी मिळाली, अंगावर शाल आली. राज्यभर हुकूम निघाला की प्रत्येक धावड्याला आठ खाचा पाडायच्या, दरवर्षी. पहिली दोन वर्षं डिंकाला गाड्या पुरल्या नाहीत. विद्यालयांतून ग्रंथाच्या तीनशे प्रती झाल्या. तिसऱ्या वर्षी मात्र भर पावसाळ्यात झाडांची पानं पिवळी पडून गळाली. चौथ्या वर्षी डिंकाचा खडाही निघाला नाही. वस्तीतली निम्मी माणसं चुली विझवून दगड फोडायला परमुलखात गेली.

दरबारात ओरड झाली. प्रधान म्हणाला, "ग्रंथ चुकेल कसा? या लोकांनीच आळसानं वेड्यावाकड्या कुऱ्हाडी मारल्या असणार. शिक्षा झाली पाहिजे." सुकरीला आणि वस्तीतल्या पाच जणांना सभेत उभं केलं गेलं.

"तुझं म्हणणं काय?" राजानं तिला विचारलं.

"हुकमाप्रमाणं केलं, महाराज. झाडं मरतील हे पंडिताला आधीच दाखवलं होतं. त्यानं लिहूनही घेतलं होतं."

राजानं ग्रंथ चाळायला लावला. प्रधान म्हणाला, "यात असं एक अक्षरही नाही."

सुकरी गोंधळली. "मला वाचता येत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "नसेल तर नसेल. माझ्याच सांगण्यात काही चुकलं असेल. एवढा शिकलेला माणूस, तो कशाला गाळेल?"

वामदेवांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं शिव्याशाप दिले असते तर बरं झालं असतं. पण ती त्यांच्यावर अजून विश्वास ठेवून दोष स्वतःकडे घेत होती. सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती. प्रधानानं वाट मोकळी करून दिली होती. नुसती मान डोलावली की गादी शाबूत राहणार होती.

ते उठले.

"तिचं काही चुकलं नाही, महाराज. तिनं दाखवलं, मी लिहून घेतलं आणि मीच ते पान काढलं. पुरेशी वर्षं पाहिली म्हणालो, तेही खोटं. मी एकच उन्हाळा पाहिला होता."

"आता उपाय काय?" राजानं विचारलं.

"मला ठाऊक नाही," वामदेव म्हणाले. भरल्या सभेत हे शब्द त्यांनी जन्मात प्रथमच उच्चारले होते. "यांना विचारा."

राजानं वस्तीच्या लोकांना मानानं बसवलं आणि हुकूम मागं घेतला. पंडितांना म्हणाला, "ग्रंथ जाळणार नाही. तीनशे प्रतींत काय गाळलं आणि का गाळलं, ते तुम्ही स्वतःच्या हातानं लिहा. गावोगाव जाऊन."

शाल उतरवून वामदेव निघाले. प्रत्येक विद्यालयात त्यांचे जुने शिष्य भोवती जमत. एके ठिकाणी एका शिष्यानं अदबीनं विचारलं, "गुरुजी, असं का केलंत हे आम्हाला कळेना. आपल्याला माहीत होतं ना?" वामदेवांनी मान वर केली नाही. "गादी हवी होती," ते म्हणाले, आणि तेच त्यांनी पानावर लिहिलं.

तीनशेवी प्रत संपली तेव्हा ते वस्तीवर गेले. सुकरी ओढ्याकाठी धावड्याची रोपं लावत होती. ते तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"आजी, मला माफ करा."

सुकरीनं त्यांच्याकडे पाहिलं. "माझं काय, मी आज आहे, उद्या नाही. या झाडांना डिंक धरेल तेव्हा तूही नसशील. ज्यांचं गेलं ती माणसं अजून जन्मलीच नाहीत, बाबा. त्यांची माफी मी कशी देऊ?"

बाजूला पडलेली कुदळ वामदेवांनी उचलली.

"खड्डा केवढा खणू?" त्यांनी विचारलं.

सुकरीनं हातानं माप दाखवलं. दोन हात खोल. ते खणू लागले.

तात्पर्य इतकंच: आपल्या सोयीसाठी गाळलेल्या सत्याची किंमत पुढच्या पिढ्या मोजतात, आणि त्यांची माफी मागायला आपण उरत नाही.