पहिल्या पुस्तकाचं देणं

सन एकोणीसशे एक्याऐंशी. माघ संपत आला होता आणि सातगोंडा अण्णांच्या विड्याच्या पानमळ्यात वाढलेल्या वेली खाली घेऊन पुन्हा बांधायची उतरण चालू होती.

“वाचलीत का, अण्णा?”

सुकुमार शिरढोणेने कुडाबाहेरूनच विचारलं. सांगलीहून पहिली एसटी धरून आला होता. जय जिनेंद्र नाही, तब्येत कशी आहे ते नाही. थेट हेच.

“चपला काढ.”

“काढतो. पण वाचलीत का?”

“आदी चपला काढ. मग इचार.”

पानमळ्यात पायताण घालून कुणी जात नसे. हा नियम अण्णांनी केलेला नव्हता. त्यांच्या आज्यानेही केलेला नव्हता. कलेक्टर आला तरी बूट बाहेर ठेवून आत येई, आणि सावलीतल्या गार मातीत पाय पडला की त्याचाही आवाज खाली येई. आता ते मळे राहिले नाहीत. द्राक्षाच्या बागा झाल्या. तिथं बूट घालून फिरतात.

अण्णा शिकले चौथी. कादंबऱ्या लिहिल्या चार. पुण्याहून पत्रं येत, त्यांना उत्तर देत नसत. शिष्य कुणाला केला नाही. सुकुमार आपणहून आला आणि गेला नाही, एवढंच.

सुकुमार सांगलीला कॉलेजात मराठी शिकवायचा. कादंबरी एकच, तीही छापलेली नाही. सहा वर्षं तीच लिहीत होता. खोडायचा, पुन्हा लिहायचा. “थोरली लेक म्हणायची ही,” बायको शेजारणीला सांगायची, “उजवायचं नाव नाही. नुसती नटवत बसलेत.”

कोल्हापूरच्या प्रकाशकाने शेवटचं कळवलं होतं. पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत कागद हातात द्या, नाहीतर विषय संपला.

म्हणून संक्रांतीला त्याने सगळा गठ्ठा अण्णांच्या हवाली केला होता. वाचा आणि सांगा, कुठं कापू.

चपला काढून तो आत आला.

अण्णा एका वेलीच्या गाठी सोडत होते. वर गेलेली वेल त्यांनी हलक्या हाताने खाली घेतली. पानं झडलेला जुना दांडा वेटोळं करून बुडाशी ठेवला. त्यावर माती ओढली. शेंडा तेवढा वर ठेवून आधाराच्या शेवरीच्या झाडाला बांधला.

“उघडली न्हाई,” ते म्हणाले.

“काय?”

“तुजी कादंबरी. गाठ बी सोडली न्हाई.”

सुकुमारची कानशिलं तापली. “दीड महिना झाला, अण्णा!”

“किती येळा लिवलीस?”

“सातव्यांदा लिहिली ही.”

“मग दमली असंल.”

“मी नाही दमलो.”

“तुला कोण इचारतंय? ती दमली असंल.”

अण्णा पुढच्या वेलीकडे वळले. सुकुमार रागात बोलत होता. तारीख, प्रकाशक, कॉलेजातली माणसं, काय काय. बोलता बोलता सवयीने त्याचा हात गेला आणि नुकत्याच उतरलेल्या वेलीचं पान त्याने खुडलं.

अण्णांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत अजून पकड होती.

“एकच पान, अण्णा.”

“उतरलेल्या येलीला नख लावायचं न्हाई. कोंब फुटंस्तवर तिला निजू दे.”

मनगट सोडलं. मग खोपटात गेले आणि एक पुस्तक घेऊन आले.

पुस्तक पातळ होतं. कागद पिवळट. पुठ्ठ्यावर घागरीचं चित्र, तेही वाकडं. लेखिकेचं नाव इंदुमती हराळे. सुकुमारने हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

“कोण ही?”

“ठावं न्हाई. पयलंच हाय तिचं. वाच.”

“आणि माझा गठ्ठा?”

“आढ्याला टांगलाय. उंदीर लागत न्हाई.”

*

आठ दिवसांनी तो आला तेव्हा चपला न सांगता काढल्या.

“वाचलं,” तो म्हणाला. पुस्तक उघडून दाखवलं. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. “सुरुवात लांबली आहे. सासरा मध्येच नाहीसा होतो, पुन्हा दिसतच नाही. वाक्यं तर विचारूच नका. पहिलटकरणीचं बाळंतपण आहे, अण्णा. आरडाओरडा फार.”

अण्णा विळ्याने लव्हाळा चिरत होते. वेली बांधायला तो लागतो.

“आणि पोर?”

“कसलं पोर?”

“बाळंतपण झालं म्हनतोस. पोर बघितलंस का न्हाई?”

सुकुमारने पुस्तक मिटलं.

“पेन्सिल घरी ठिवून वाच,” अण्णा म्हणाले. “जा.”

तो गेला तो मनात पेटून गेला. चौथी पास माणूस आपल्याला वाचायला शिकवतो! वाटेत त्याने ठरवलं, आता जायचं नाही. गठ्ठा मागवून घ्यायचा.

पण पुस्तक पिशवीत होतं. आणि रविवारी दुपारी कृष्णेच्या घाटावर दुसरं काही करायला नव्हतं.

दुष्काळी मुलखात दिलेल्या एका मुलीची ती गोष्ट होती. आईने लग्नात म्हटलेलं असतं, तुझ्या सासरचं पाणी मी या जन्मात काही चाखत नाही. मुलगी पहिल्या माहेरपणाला निघते. लुगडं नाही, खाऊ नाही. सासरच्या विहिरीची एक घागर डोक्यावर घेऊन निघते. चालत. वाटेत तिला तहान लागते. त्या घागरीतलं ती पीत नाही.

सुकुमारने मान वर केली तेव्हा घाटावरचं ऊन निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवताना तो मध्येच थांबला. त्या मुलीची मान दुखत असेल, असं त्याच्या मनात आलं होतं. बायकोने विचारलं, “गठ्ठा आणायला गेला नाहीत ते?” तेव्हा कुठं त्याला आठवलं, की आपलीही एक कादंबरी आहे.

सहा वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं. लहानपणी पाटलांच्या माडीवर पालथं पडून पुस्तकं वाचायचा, चहाला हाक मारली तरी ऐकू यायची नाही... तसं काहीसं. तो पोरगा कधी उठून गेला होता, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

*

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो पुन्हा मळ्यात आला. अण्णा खोपटात बाजेवर बसले होते. पाय सुजलेले.

“अण्णा, बाई थोर आहे.”

“हां.”

“ती घागर... मला सुचली नसती. आणखी सातदा लिहून सुचली नसती.”

“तिला सांगितलंस?”

“तिला? ओळख ना पाळख. जतच्या रस्त्याला कुठंतरी राहते म्हणे. मी कशाला जाऊन सांगू?”

अण्णांनी पानाला चुना लावला. खाल्लं नाही. हातातच धरून बसले.

“माजं पयलं पुस्तक निगालं,” ते म्हणाले, “स्वराज्य येऊन दोन वर्सं झालती. गावात कुनी वाचलं न्हाई. भावकीत हसली. थोरला म्हनला, पानं खुडायची सोडून पानं खराब कराय लागलाय. मी म्हनलं, बास. पुन्यांदा लिवायचं न्हाई.”

“मग?”

“एक मानूस आला. अथणीकडनं. मिरजेपास्नं चालत. त्या तितं कुडाजवळ उभा ऱ्हायला. म्हनला, तुमचं पुस्तक वाचलं. रडलो. घोटभर पानी प्याला आन गेला.”

“कोण होता?”

“नाव इचारायचं सुचलं न्हाई.”

मळ्यात कुठंतरी पाट वाहत होता.

“त्याचं देनं हाय माज्यावर,” अण्णा म्हणाले. “त्याला कसं देनार? म्हनून दर साली एक पयलं पुस्तक हुडकायचं आन लिवनाऱ्याच्या दारात जाऊन सांगून यायचं. बत्तीस सालं गेलो. औंदा एसटीची पायरी चढवत न्हाई.”

सुकुमारने अण्णांच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं.

अण्णांनी आढ्याकडे बोट केलं.

“त्यो बग गठ्ठा. न्यायचा तर ने. उद्या पाडवा, कोल्हापूर तुला गावंल.”

“आणि तिच्याकडे?”

“ते बी उद्याच.”

“अण्णा, आधी कोल्हापूर करतो. तिच्याकडे नंतर जाईन. नक्की जाईन.”

“नंतर कुनी जात न्हाई, सुकुमार.”

तो उठला. बाजेवर चढून त्याने गठ्ठ्याला हात लावला. सुतळीची गाठ त्याचीच होती, संक्रांतीची. खालून ओझं तोललं. सहा वर्षांचं ओझं.

मग हात काढून घेतला.

“तिला काय सांगू?”

“वाचलं म्हनून सांग. आन एक. आपुन लिवतो हे सांगायचं न्हाई.”

*

घरोघर गुढ्या होत्या. एसटीत फक्त तो, ड्रायव्हर-कंडक्टर आणि एक कोंबडी घेतलेली म्हातारी. फाट्यावर उतरला आणि उन्हातून चालत गेला.

इंदुमती हराळे ओसरीवर बसून मिरच्यांचे देठ खुडत होती. पस्तिशीची बाई. परका माणूस बघून पदर सारखा केला.

“कुनाकडं?”

“तुमच्याकडेच. मी तुमचं पुस्तक वाचलं.”

तिचा चेहरा उतरला. “काय लिवलंय चुकीचं? आमच्या धाकट्या दिरानं पाठवलंय व्हय तुमास्नी? त्यो म्हनतोय पुस्तकातला सासरा त्याच्या बापावरनं घेतलाय. न्हाई वो. देवाशपथ न्हाई.”

“कुणी पाठवलं नाही. मला आवडलं. ते सांगायला आलो.”

“पाडव्याच्या सनाचं?”

“हो.”

“कुठनं?”

“सांगलीहून.”

बाईच्या हातातली मिरची तशीच राहिली. मग एकदम उठून आत गेली आणि ताकाचा तांब्या घेऊन आली. डोळे पुसून आली होती. मिरचीचा हात लागला असावा, कारण डोळे आणखीच लाल झाले होते.

“घरात कुनी उगडलं न्हाई अजून,” ती म्हणाली. “ह्यांनी पुठ्ठा बगितला. म्हनले, रंग बरा हाय.”

सुकुमार हसला. तीही हसली.

“एक इचारू? जाऊबाई म्हनती, येवढ्या लांब चालून घागरीत पानी ऱ्हातंय व्हय? सांडलं नसंल?”

“राहतं. मी बघितलंय.”

“कुठं?”

“तुमच्या पुस्तकात.”

तिने मान खाली घातली. मग विचारलं, “तुमी बी लिवता काय?”

कॉलेजात सगळे त्याला कादंबरीकार म्हणत. एकही पुस्तक नसताना म्हणत. त्याला ते आवडायचं. शब्द ओठांपर्यंत आला. सातव्यांदा, म्हणजे जवळजवळ झालीच आहे, असं तो सांगू शकला असता. बाईला आदर वाटला असता. मग ती त्याच्या कादंबरीचं विचारत बसली असती...

“नाही,” तो म्हणाला. “वाचतो.”

“तेवडं बी कोन करतंय,” बाई म्हणाली. आणि मग घागरीच्या पुढचं सांगू लागली. पुस्तकात न आलेलं. ऊन उतरेपर्यंत सांगत होती.

कोल्हापूरचं प्रेस पाडव्याच्या संध्याकाळी बंद झालं ते त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. त्याची कादंबरी निघाली ती दोन वर्षांनी, दुसरीकडून, निम्म्याहून पातळ होऊन. अण्णांनी ती पाहिली नाही. तोवर ते नव्हते.

*

त्या पाडव्यानंतर चार दिवसांनी तो मळ्यात आला. उतरलेल्या वेलींना तांबूस कोंभ फुटले होते.

अण्णा बाहेर सावलीत बाजेवर पडून होते. त्यांनी गठ्ठा खाली काढवून घेऊन जवळ ठेवला होता.

सुकुमार खाली मातीत बसला. सुतळी सोडली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. पेन्सिल नव्हती. दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं वाचत गेला. एकदा हसला. एकदा “अरेरे” म्हणाला. ऊन शेवऱ्यांच्या मधून सरकत त्याच्या पाठीवर आलं.

“अण्णा,” शेवटी तो म्हणाला, “हा गडी दारातच उभा राहून बोलतोय. चाळीस पानं झाली, घरात जाईना.”

“कोन गडी?”

“हा लिहिणारा.”

अण्णांच्या मिशा हलल्या.

सुकुमारने गठ्ठा पुन्हा बांधला. आज घाई नव्हती. मग सांगितलं.

“जाऊन आलो, अण्णा.”

“भेटली?”

“भेटली. ताक दिलं.”

“लिवतोस म्हनून सांगितलंस?”

“नाही.”

“माजं नाव?”

“तेही नाही.”

अण्णांनी वरच्या पानांकडे बघितलं.

“फिटलं,” ते म्हणाले.