जळल्या बियाचा कोंब

तापीकाठच्या चिंचखेड्यात सुपडूजी महाराजांचा मुक्काम होता, त्या वैशाखातली ही गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एक दिवस उरला होता. खानदेशात या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, आणि याच सुमारास परसात वेलांचं नवं बी लावतात. घरोघरी झोके बांधायची धांदल उडाली होती. धुरपदा माळीण मात्र आपल्या परसात एकटीच कांदे उपटत बसली होती.

भक्तहो, तिचं दुःख काय सांगावं! एकुलती एक लेक वच्छी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि फाल्गुनात बाळासकट गेली. जाण्याआधी चार दिवस जड पोट सांभाळत तिने दुधीचं बी शेणात घालून भिंतीवर थापलं होतं. असं ठेवलेलं बी किडत नाही. वच्छी गेली त्या दिवशी पाणी तापवायला शेजारची भागाबाई पाटलीण पुढे झाली, आणि तिने म्हणे त्या थापट्या गोवऱ्या समजून चुलीत घातल्या! लेकीच्या हातचं बी लेकीच्याच शेवटच्या अंघोळीला जळलं. राखेतून अर्धीमुर्धी करपलेली एक थापटी तेवढी धुरपदाने जपून ठेवली.

महाराज परसात आले. म्हणाले, "माई, कांदे निघाले, वाफे मोकळे झाले. आता काय लावणार?"

धुरपदाने पदराची गाठ सोडून ती काळी थापटी पुढे केली, आणि तिला रडू आवरेना. "महाराज, लेक तर गेली. तिच्या हातचं एवढं तरी उगवू द्या."

कुंपणापलीकडे भागाबाई उभी होती. तिच्या तिन्ही लेकी कालच आल्या होत्या. ती फिदीफिदी हसली. "अगं, जळकं बी कधी उगवलंय का? वेड लागलं हिला! माझ्या मळ्यातलं सूपभर बी घेऊन जा. आणि महाराज, तुमच्यात एवढं सामर्थ्य हाये, तर हिची लेकच आणा की परत!"

काय ही जीभ! पण धुरपदाने मात्र आशेने महाराजांकडे पाहिलं. आईचंच मन ते.

महाराज तिच्याजवळ खाली बसले. मग हळूच म्हणाले, "माई, ते माझ्या हातात नाही गं." त्यांचेही डोळे भरून आले होते. त्यांनी खुरपं घेतलं, स्वतः आळं केलं, थापटी मातीत ठेवून वर पाणी घातलं आणि हात जोडले. "देवा, उद्या घरोघरी लेकी येतील. या घरी कोण येणार? तूच ये रे."

आखाजीचा दिवस उजाडला. गेलेल्या माणसाच्या नावाने या दिवशी पाण्याची घागर भरतात. वच्छीच्या नावाची घागर भरून धुरपदा परसात आली आणि जागीच थबकली. आळ्यातली माती फुटली होती. दोन पानांचा हिरवागार कोंब वर आला होता, एका रात्रीत! "वच्छे!" अशी हाक मारून ती ओक्साबोक्शी रडू लागली. लेक काही आली नव्हती, हे तिला कळत होतं.

हाक ऐकून महाराज आले, भागाबाईही धावत आली. कोंब पाहताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"धुरपदा, मला ठाऊक होतं त्यात बी हाये," ती कशीबशी म्हणाली. "माझ्या दारात गोवऱ्यांचा ढीग होता. दुसऱ्याच्या मयताला आपलं जळण कशाला, म्हणून मी तुझ्या भिंतीवरच्या थापट्या ओरबाडल्या. महाराज, पदरात घ्या मला!"

ती पायांवर पडायला आली, तसे महाराज मागे सरले. "बाई, अपराध माझा नाही केलास," एवढंच म्हणाले आणि त्यांनी आळ्याकडे बोट दाखवलं.

गावाची पाटलीण चिखलात गुडघे टेकून आळ्यावर कपाळ टेकवायला वाकली. धुरपदाचा हात झपकन पुढे झाला. ती आता हिला ढकलून देते की काय, असंच वाटावं. पण तिने भागाबाईचा खांदा धरला.

"जपून वाक, भागाबाई," ती म्हणाली. "कोंब लई कवळा हाये."